मामांच्या एम.जी.तून काय काय काढता येईल?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी.

चाळीसगावला मामांच्या जिनिंगच्या शेडमध्ये गेली बावीस वर्षं ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. एम.जी.बी. रोडस्टर, १९६६ ची, दोन सीटची, कापडी टपाची. मामांनी ती १९७८ साली मुंबईहून आणली. त्या वर्षी कापसाचे पैसे हातात होते आणि आजोबा चारधामला गेले होते, एवढाच काय तो योग.

दिवाळीत आम्ही इंजिन चालू केलं. रेडिएटर उघडून साफ केला, ब्रेक नवे केले, कार्ब्युरेटर जमवले. गाडी आता गावात फिरते. पण कन्नड घाटात नेली तर दम लागतो. इंजिन १७९८ सीसीचं, नवं असताना ९५ हॉर्सपॉवरचं. त्यातले आज किती घोडे जिवंत आहेत ते देव जाणे. इंजिन खोलायला मामा परवानगी देत नाहीत, म्हणून म्हटलं वजनाच्या बाजूने प्रयत्न करू. शर्यत वगैरे लावायची नाही. कन्नड घाट नीट चढावी आणि जमलं तर एकदा तोरणमाळला न्यावी, एवढंच.

मनात आहे ते असं: दोन्ही बंपर, स्टेपनी, रेडिओ (तो मेलाच आहे), गालिचे, त्याखालचे डांबरी पॅड, टप आणि त्याचा लोखंडी सांगाडा. आणि हीटर तर पहिला. खानदेशात हीटर म्हणजे मारवाडात छत्री.

काय काढावं, काय काढू नये? जाणकारांनी सांगावं.

तापीकर
आधी मामांना काढा. गाडीतून नाही, घरातून, दोन तास बाहेर. मग जे काढायचं ते काढा.

खापरावरचा मांडा
वरण-बट्टीवर तुपाची धार महिनाभर बंद. पाच-सहा किलो बिनखर्चात जातील, पाना-स्क्रू ड्रायव्हर काही लागणार नाही.

गिरणाकाठ
माझं वजन हा धाग्याचा विषय नाही. :)

भाऊसाहेब_धुळे
बठ्ठं काढी टाकशी त मंग गाडी काय ऱ्हाई रे भो?

स्पॅनर दहा-अकरा
चांगला विषय. माझ्याकडे एम.जी. नाही, पण मित्राच्या एम.जी.बी.वर आम्ही दोघांनी दोन वर्षं घातली आहेत, त्या आधारावर सांगतो.

एक. ही गाडी चॅसीवाली नाही. जीप डोक्यात ठेवून कापायला बसू नका. चॅसी नसलेल्या अँबेसेडरलाही जुन्या लोकांनी चॅसी शोधली, तशी इथेही शोधाल, पण हिचंही सगळं बळ पत्र्यातच आहे. त्यात वर छप्पर नाही, म्हणून दाराखालची जी लांब पेटी आहे (सिल), तीच गाडीला सरळ धरून ठेवते. तिथला एक इंचही हलकेपणासाठी कापायचा नाही. उलट तिथे गंज असेल तर वजन वाढलं तरी चालेल, पण नवा पत्रा जोडून घ्या.

दोन. बॉनेटला लोहचुंबक लावून पाहा. त्या काळच्या गाड्यांना बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं येत असे. चुंबक चिकटला नाही तर कंपनीनेच तुमचं काम अर्धं केलंय. चिकटला तर कुणीतरी मधे बदललंय.

तीन. सीटच्या मागे गालिच्याखाली झाकण आहे. त्यात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मूळच्या. त्या जागी बारा व्होल्टची एकच बसते. त्यात चांगले सात-आठ किलो वाचतात आणि दिसण्यात काही फरक नाही. मात्र सांभाळा, १९६६ ची म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. बॅटरीचं अधिक टोक बॉडीला.

चार. डांबरी पॅड परदेशात ड्राय आइस टाकून काढतात. गारठून ठिसूळ होतात आणि हातोडीने टवके उडतात. तुमच्याकडे एप्रिलमध्ये ते च्युइंगमसारखे ताणले जातील. काढायचेच तर डिसेंबरच्या पहाटे छिन्नी घेऊन बसा. पण मी काढणार नाही. गिअरबॉक्सचा बोगदा तुमच्या पायाला लागून आहे. ते पॅड आणि गालिचा गेले की डाव्या पायाची बट्टी होईल.

गिरणाकाठ
@स्पॅनर, पॉझिटिव्ह अर्थचं आधी कळलं असतं तर बरं होतं. आमच्याकडच्या एका इलेक्ट्रिशियनने बॅटरी उलटी जोडली, तेव्हाच रेडिओ गेला. चुंबक लावला. बॉनेटला चिकटला नाही! मामा म्हणतात, "मला माहीत होतं." त्यांना काहीही माहीत नव्हतं.

काटेवाला सावदा
दादा, आधी वजन तरी केलं का गाडीचं? सगळे अंदाजपंचे चाललंय. आमच्याकडे केळीच्या ट्रकांचा भुईकाटा आहे. रात्री दहानंतर रांग नसते, या. आमचा काटा दहा-दहा किलोने सरकतो हे लक्षात ठेवा, म्हणजे चार किलोचा रेडिओ काढून परत काट्यावर याल तर काटा हलणार नाही. सुटे पार्ट ताणकाट्याला टांगून मोजा आणि वहीत लिहा. दोन्ही वेळा पेट्रोल सारखंच ठेवा. लिटरचं वजन पाऊण किलोच्या जवळपास भरतं. टाकी अर्धी की पूर्ण यातच वीसेक किलोंचा घोळ होतो.

गिरणाकाठ
हे पटलं. सावदा लांब पडतं, पण चाळीसगावात कापसाचा काटा आहेच. उद्याच नेतो.

जुनं ते जुनं
काट्यावरून आठवलं. १९३४ साली ग्रांप्री शर्यतीच्या गाड्यांना ७५० किलोंची मर्यादा आली. मर्सिडीजची गाडी आदल्या संध्याकाळी काट्यावर एक किलो जास्त भरली, म्हणून रात्रभर तिचा पांढरा रंग खरवडला आणि सकाळी ती उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर धावली, अशी गोष्ट त्यांचे टीम मॅनेजर नॉयबाउअर रंगवून सांगत. इतिहास तपासणारे ती मानत नाहीत. पण गोष्ट टिकली, कारण एका किलोसाठी रात्र जागवणारा माणूस सगळ्यांना ओळखीचा वाटतो.

त्याहून उपयोगाचं उदाहरण पोर्शच्या ९११ कॅरेरा आर.एस.चं. १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनात आली. पातळ पत्रा, पातळ काच, मागच्या सीट नाहीत, घड्याळ नाही, दार ओढायला हँडलऐवजी कापडी पट्टा. शर्यतीच्या नियमासाठी ५०० विकायच्या होत्या, खपल्या १५८०. आता गंमत बघा. त्यातल्या दोनशेच्या आसपास लोकांनीच ती उघडीबोडकी गाडी घेतली. बाकी बहुतेकांनी जादा पैसे देऊन गालिचे आणि आराम परत बसवून घेतला, साधारण शंभर किलो वजन वाढवून. बी.एम.डब्ल्यू.च्या ३.० सी.एस.एल.चंही ब्रिटनमध्ये तेच. कारखान्याने काढलेल्या सोयी तिथे विकताना परत घातल्या गेल्या.

थोडक्यात, हलकी गाडी सगळ्यांना हवी असते, हलक्या गाडीत बसायला फार थोडे तयार असतात.

चौथा गिअर
पॅसेंजर सीट कुणीच कसं सुचवलं नाही? आमच्या घरी गाडी मी चालवते. जुन्या फियाटची डावी सीट शिवायला दिली होती, ती तीन आठवडे आली नाही. ह्यांना मागे बसावं लागलं. गाडी पळायला लागली की नाही माहीत नाही, पण "ब्रेक, ब्रेक" बंद झालं.

तापीकर
@चौथा गिअर __/\__

रिकामी फेरी
माझे दोन ट्रक आहेत, स्पोर्ट्स कारमधलं कळत नाही. पण वजनातलं कळतं. भरलेला ट्रक रस्ता धरून चालतो. तोच मंडीत रिकामा करून परत निघाला की मागून उड्या मारतो, कारण पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भरल्या वजनाचे असतात. तुमच्या गाडीला मागे पाटेच आहेत ना? स्टेपनी मागे, बॅटरी मागे, टप मागे. सगळं मागूनच काढाल तर मागचा भाग वर उचलला जाईल आणि घाटातल्या वळणावर खडी आली की शेपूट फिरेल. काढायचं तर पुढचंही काढा.

दुसरं, स्टेपनी काढून कन्नड घाटात जाणार? ट्रक आडवा झाला तर तिथे सहा तास कुणी हलत नाही. पंक्चर झाली तर तुमची हलकी गाडी ढकलायला आम्हीच उतरणार.

स्पॅनर दहा-अकरा
@रिकामी फेरी, दादा, पुस्तकात वाचून समजलं नसतं ते दोन ओळीत सांगितलंत. मागे पाटेच आहेत, बरोबर. त्यात एकच पुरवणी. चाकाचं, टायरचं, ब्रेकचं वजन पाट्याच्या खालचं असतं. तिथला एक किलो वरच्या एका किलोपेक्षा जास्त जाणवतो, कारण खड्ड्यात तो उसळतो आणि वर तो फिरवावाही लागतो. म्हणून टायर निवडताना वजन विचारा.

हिशोबही सांगतो. कागदावर ही गाडी ९२० किलोंच्या जवळपास. ६० किलो काढलेत तर ९५ हॉर्सपॉवरचे १०१-१०२ झाल्यासारखं वाटेल. घाटात कळेल. सपाटीवर वाऱ्याला तुमचं वजन दिसत नाही, त्याला तुमचा आकार दिसतो.

सोनेरी जळगाव
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे सराफ्यात जुना दागिना मोडायला कुणी आणला की कारागीर आधी एकदा विचारतो, "नक्की मोडायचा?" मोडलेला दागिना परत तोच होत नाही. बंपर, टप, हीटर हे त्या गाडीचे दागिने आहेत. हलकी गाडी हवी तर नवी घ्या.

स्पॅनर दहा-अकरा
@सोनेरी जळगाव, बोल्टने लावलेलं बोल्टने परत लागतं. दागिना मोडणं आणि काढून डब्यात ठेवणं यात फरक आहे.

सोनेरी जळगाव
डब्यात ठेवलेलं किती जणांनी परत लावलंय? हात वर करा.

खापरावरचा मांडा
(हात खिशात)

वकील नाही, मुन्शी
कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने नोंदणीसाठी जी मूळ रचना दिली ती मालकाने बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. रेडिओ-गालिचे कोण विचारणार नाही, पण बॉडी कापणं, काच काढून टाकणं असले उद्योग महागात पडतील.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं. जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्ही.ए. अक्षरं येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. अट ही की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नोंदल्यावर मात्र रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यालाच. तोरणमाळला भजी खायला जाणं कशात बसतं ते तुम्हीच ठरवा.

तापीकर
तांत्रिक संशोधनात.

दमणीवाले
अवांतर: माझ्या पणजोबांकडे दमणी होती. माल वाहायचा गाडा वेगळा आणि माणसं न्यायची दमणी वेगळी. दमणीचं सगळं लाकूड बारीक, बसायला दोघांपुरती जागा, वर छत. सासरवाडीला जायचं म्हणजे दमणी. रोडस्टर म्हणजे तीच की. पणजोबा म्हणे निघताना बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मात्र काढत नसत, त्यांचं वजन असलं तरी. नाहीतर दमणी आली हे सासरवाडीला कळणार कसं?

भाऊसाहेब_धुळे
सायलेन्सर काढाचं सुचाडू नका त्याले आते.

खापरावरचा मांडा
जत्रेत बारागाड्या ओढायला भगत लागतो. तो लावा एम.जी.ला पुढे. घाट आरामात चढेल.

पिंपळनेर_१९
आमचे मिस्त्री सगळ्या जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. वजनही कमी आणि गाडीही गरम होत नाही. तोही काढा.

स्पॅनर दहा-अकरा
@पिंपळनेर, नको, नको. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट मुठीएवढा, त्याचं वजन ते काय. तो काढला की हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, तेल जाड राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतली झीज वाढते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलेला आहे, पंप थकलाय, नाहीतर हेडमध्ये गाळ आहे. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकण्यातली गत.

पांढरी अँबेसेडर
मी सगळं वाचतोय तीन दिवसांपासून. मुलगा टाइप करून देतोय. वय ७४. अमळनेरच्या एका शेठकडे १९७० पासून ड्रायव्हर होतो. अँबेसेडर होती आणि त्याआधीची एक ऑस्टिन केंब्रिज. तुमच्या एम.जी.चं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे आवाज ऐकला तरी मी ओळखीन.

बेटा, हीटर काढू नको.

मे महिना होता, शेठला संभाजीनगरला तारखेला हजर व्हायचं होतं. कन्नड घाटात पुढे ट्रक, मागे ट्रक. पहिल्या गिअरमध्ये चालणं. इंजिनच्या तापमानाचा काटा चढत चढत टोकाला गेला. थांबायला जागा नाही. मी चारी काचा खाली घेतल्या, हीटरचा कॉक पूर्ण उघडला, पंखा चालू केला. शेठ म्हणाले, वेडा झालास का? आत भट्टी झाली. पण हीटर म्हणजे काय, एक छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यात फिरतं आणि पंखा ते थंड करतो. गरम वारा आपल्या पायावर येतो एवढंच. काटा तीन-चार मिनिटांत खाली आला. वर जाऊन चहा घेतला. शेठच्या धोतराला घामाचे पट्टे पडले होते, पण तारखेला वेळेवर पोचलो.

थंडीसाठी तो हीटर मी आयुष्यात दोनदा लावला असेल. घाटासाठी किती वेळा लावला ते मोजलं नाही.

चौथा गिअर
काका, काय सांगितलंत! वाचनखूण साठवली.

स्पॅनर दहा-अकरा
मी वर लांबलचक लिहिलं त्यात हीटरचं एक अक्षर नव्हतं. मान्य. काकांना दंडवत. पुरवणी: कॉक आणि नळ्या बावीस वर्षं पडून आहेत. उघडण्याआधी पाण्याने धुऊन घ्या, रबरी नळ्या नव्या टाका. नाहीतर घाटात गरम पाणी पायावर येईल.

सोनेरी जळगाव
म्हटलं होतं ना मी, हीटर दागिना आहे म्हणून.

स्पॅनर दहा-अकरा
तुम्ही शोभेसाठी म्हटलं होतं, राव.

दमणीवाले
प्र.का.टा.आ. (धाग्याचं वजन कमी करण्यासाठी प्रतिसाद काढून टाकला आहे.)

रिकामी फेरी
धागाकर्ते कुठे गायब? काट्यावर गेले ते अडकले का?

गिरणाकाठ
दोन महिने झाले, माफ करा. कापूस आणि लग्नसराई एकदम आली. आता तपशील देतो.

पहिलं वजन: ९४० किलो, टाकी अर्धी. काट्यावरच्या पोराच्या कॉम्प्युटरमध्ये मालाचे ठरलेले पर्याय होते, त्याने "भंगार" दाबलं. पावतीवर छापून आलं: माल – भंगार. ती पावती मामांच्या हातात पडली. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

मग काढायला सुरुवात केली. सीट उचलल्या तर खाली सरकी. गालिच्याखाली उंदरांनी बावीस हंगामांचा कापूस ठासला होता, त्याची गादीच निघाली. डिकीत जीपचा जॅक, दोन टॉम्या, बैलगाडीच्या चाकाची एक धाव, म्हणजे लोखंडी कडं (का, हे मामा सांगत नाहीत) आणि गोणपाटात गुंडाळलेला वीस किलोंचा जुना लोखंडी माप-वजनाचा ठोकळा. पुढच्या मडगार्डच्या आत माती इतकी घट्ट बसली होती की छिन्नीने फोडावी लागली. दोन्ही बाजूंची मिळून एक घमेलं भरून. ती ओली राहूनच तिथला पत्रा आतून खाल्ला गेलाय, हे त्यामुळेच कळलं. पत्राकामवाला पुढच्या आठवड्यात येतोय.

गाडीचं म्हणावं असं फक्त एवढंच काढलं: मेलेला रेडिओ त्याच्या लोखंडी पट्टीसकट, आणि दोन बॅटऱ्यांच्या जागी एक. स्टेपनी आहे. पॅड आहेत. बंपर एक दिवस काढले होते. मामांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "कवळी काढलेल्या म्हातारीसारखी दिसते." संध्याकाळी परत लावले. (सोनेरी जळगाव, माझा हात वर.) टप ठेवला, उन्हासाठी.

दुसरं वजन: ८८० किलो. टाकी तितकीच अर्धी. पोराला आधीच सांगून ठेवलं होतं, भंगार दाबायचं नाही. त्याने "केळी" दाबलं.

@पांढरी अँबेसेडर काका, नळ्या बदलल्या, कॉक धुतला. गेल्या रविवारी सकाळी घाट. मामा शेजारी. निम्म्यात ट्रकांची रांग लागली आणि काटा चढायला लागला. मी कॉक उघडला. मामांनी चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली आणि म्हणाले, "कुणी शिकवलं तुला हे?" मी म्हटलं, अमळनेरच्या एका काकांनी. काटा उतरला. वर कन्नडला पोचल्यावर मामांनी दोन चहा सांगितले आणि तुमचं नाव विचारलं. मला फक्त "पांढरी अँबेसेडर" माहीत होतं, तेच सांगितलं.

पांढरी अँबेसेडर
मामांना नमस्कार सांग. उतरताना कॉक बंद करायला विसरू नको. मी विसरलो होतो.

रिकामी फेरी
तो वीस किलोंचा ठोकळा मागे डिकीत परत ठेवा. वळणावर बरं राहील. खरं सांगतोय.

चौथा गिअर
आणि बैलगाडीची धाव कशासाठी होती ते कळलं की इथे लिहा. झोप लागत नाही.

नवीन_शिरपूर
सगळा धागा वाचला नाही, वेळ नव्हता. पण माझ्या मते सगळ्यात आधी हीटर काढून टाका. खानदेशात त्याचा काय उपयोग?